प्रेतांचा कारखाना

१९१७ सालच्या एप्रिल महिन्यात, १७ तारखेला, लंडनच्या 'टाइम्स' आणि 'डेली मेल' या दोन पत्रांनी एक बातमी छापली. दोन्ही पत्रे एकाच धन्याची, लॉर्ड नॉर्थक्लिफची. एक शिष्टांनी वाचावयाचे, दुसरे सामान्यांनी. त्यामुळे बातमी दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात एकाच सकाळी पोहोचली. जर्मन लोक रणांगणावर पडलेल्या आपल्याच शिपायांची प्रेते तारेने बांधून आगगाडीने एका कारखान्यात नेतात, तेथे ती शिजवून चरबी काढतात, तिचे वंगण करतात आणि हाडांची भुकटी डुकरांना चारतात, अशी ती बातमी.

आज हे वाचून कोणी हसेलही. त्या दिवशी इंग्लंडात फारसे कोणी हसले नसावे. महायुद्धास पावणेतीन वर्षे होत आली होती. घरोघर सुतक होते, आणि ज्याने आपला मुलगा मारला त्याच्याविषयी कोणतीही गोष्ट खरी मानावयास माणसांची मने तयार झालेली होती. ती आपोआप तयार झाली नव्हती. तशी मशागत व्हावी म्हणून एक सरकारी खातेच मुकाट्याने राबत होते.

युद्धाला तोंड लागून महिना होत होता तोच, २ सप्टेंबर १९१४ रोजी, लंडनमधील 'वेलिंग्टन हाउस' या इमारतीत इंग्रजी साहित्यातील अतिरथी-महारथी जमले. थॉमस हार्डी, एच. जी. वेल्स, गॉल्सवर्दी, चेस्टरटन, आणि शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल. बोलावणारे होते मंत्रिमंडळातील चार्ल्स मास्टरमन. इमारत विमाखात्याची, आत दुखण्याखुपण्याच्या विम्याचे कारकून बसले असतील असेच रस्त्यावरच्या माणसाला वाटावे. तेथून पुस्तके निघू लागली, पण त्यांवर सरकारचे नाव नसे. नाव एखाद्या प्रतिष्ठित प्रकाशकाचे, लेखणी एखाद्या प्रतिष्ठित लेखकाची. पार्लमेंटातील बहुतेक सभासदांनाही या खात्याचा पत्ता नव्हता. याच खात्यातर्फे हिंदुस्थानी भाषांत एक सचित्र पत्र निघत असे. त्याचे नाव 'सत्यवाणी'! नाव ठेवणारा भाबडा होता की मिस्किल, कोण जाणे.

पुढच्या वर्षी, १२ मे १९१५ रोजी, बेल्जममधील जर्मन अत्याचारांविषयी लॉर्ड ब्राइस यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. 'लुसिटानिया' बोट जर्मनांनी बुडविली त्याला पाचच दिवस झाले होते. ब्राइस हे मोठे इतिहासकार; अमेरिकेत इंग्लंडचे वकील म्हणून राहून आलेले. त्यांच्या शब्दाला तेथे मोल होते, आणि अहवालाचा रोख अमेरिकेवरच होता. आधार सुमारे १२०० जबान्यांचा. परंतु जबान्या शपथेवर घेतलेल्या नव्हत्या, साक्षीदारांची नावे गुप्त, आणि समितीने स्वतः एकाही साक्षीदाराला समोर बसवून प्रश्न विचारला नव्हता. संगिनीवर टोचलेली अर्भके, मुलांचे तोडलेले हात, अशी वर्णने मात्र त्यात भरपूर होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जर्मन सैन्य निर्दोष नव्हते. १९१४ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत बेल्जम आणि उत्तर फ्रान्स येथे त्याने सुमारे ६५०० निःशस्त्र नागरिक ठार केले, असे अलीकडच्या इतिहासकारांनी कागदपत्रांवरून सिद्ध केले आहे. एकट्या दिनाँ गावात ६७४ माणसे मारली गेली. लूव्हाँचे विद्यापीठ-ग्रंथालय जाळले गेले. म्हणजे खटला बळकट होता, पुरावा हाती होता. त्याला खोट्याचे ठिगळ लावण्याचे काही कारण नव्हते. पण ठिगळ लावले गेले, आणि युद्धानंतर ते उसवले तेव्हा लोकांनी सगळे वस्त्रच खोटे ठरविले. दिनाँचे ६७४ नंतर कित्येक वर्षे कोणी मोजले नाहीत. मला या सर्व प्रकरणात ही गोष्ट अधिक बोचते.

आता कारखान्याकडे वळू. बातमीचे मूळ दोन ठिकाणी होते. एक, बेल्जमच्या एका वृत्तपत्रात आलेली तिखटमीठ लावलेली कहाणी. दुसरे, बर्लिनच्या 'लोकाल-आन्त्सायगर' पत्राच्या १० एप्रिलच्या अंकातील कार्ल रोसनर या बातमीदाराचा छोटा मजकूर. रीम्सच्या उत्तरेस जाताना त्याला चुना जळावा तसा दर्प आला; तेथे सैन्याची 'काडावर'पासून तेल आणि भुकटी बनविणारी संस्था असल्याचे त्याने लिहिले. जर्मन भाषेत 'काडावर' म्हणजे सहसा मेलेले जनावर. आपण मेलेल्या बैलाचे 'पार्थिव' म्हणत नाही. तसा शिपायाच्या प्रेताला जर्मन माणूस 'काडावर' म्हणत नाही. युद्धात लक्षावधी घोडे मरत होते, इंग्रजी आरमाराच्या नाकेबंदीमुळे जर्मनीत चरबीचा दुष्काळ पडला होता, आणि मेलेल्या घोड्यांपासून ती काढण्यात येत होती. लंडनमध्ये घोड्याचा शिपाई झाला. एका शब्दाने झाला, आणि तो शब्द जाणणारी माणसे लंडनमध्ये कमी नव्हती.

३० एप्रिलला पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. रोनाल्ड मॅक्नील या सभासदाने विचारले की, जर्मन लोक प्रेते डुकरांना चारतात ही गोष्ट इजिप्त, हिंदुस्थान आणि एकंदर पूर्वेकडे होईल तितकी पसरविण्याची व्यवस्था सरकार करील काय? डुकराचा उल्लेख पूर्वेसाठीच का, हे हिंदी वाचकास फोड करून सांगावयास नको. काडतुसांच्या चरबीवरून आपले राज्य जाता जाता राहिले, ही १८५७ ची आठवण साठ वर्षांनी अशा रीतीने कामास येत होती! आयर्लंडचे जॉन डिलन यांनी, हे खोटे असेल तर त्याने आपल्याच देशाची हानी होईल, असे बजावले. सरकारतर्फे लॉर्ड रॉबर्ट सेसिल यांनी उत्तर दिले: वृत्तपत्रांतून आले त्याहून अधिक माहिती सरकारजवळ नाही, तथापि जर्मनांची इतर कृत्ये पाहता हा आरोप अविश्वसनीय वाटत नाही.

खरे म्हटले नाही, खोटे म्हटले नाही. 'नरो वा कुंजरो वा' म्हणताना धर्मराजाला निदान आवाज खाली आणावा लागला होता. येथे तर नर की जनावर हाच प्रश्न असताना मंत्र्याने भर सभेत, चढ्या आवाजात दोन्ही बाजू सांभाळल्या. अशा उत्तराला पुढे खोटे म्हणून पकडता येत नाही. युद्धकाळातील राज्यकर्त्याची खरी कारागिरी मला कहाणी रचण्यात दिसत नाही. ती या 'तथापि'मध्ये दिसते.

१९२५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिगेडियर जनरल चार्टरिस यांनी न्यूयॉर्कच्या एका मेजवानीत, ही गोष्ट आपणच दोन छायाचित्रांखालचा मजकूर बदलून रचली, अशी बढाई मारल्याचे छापून आले. युद्धात ते इंग्रज सेनेच्या हेरखात्याचे प्रमुख होते. त्यांनी इन्कार केला, आणि तेच जनक होते असे आजचे अभ्यासकही मानीत नाहीत. पण गवगवा इतका झाला की २ डिसेंबरला परराष्ट्रमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना पार्लमेंटात जर्मन सरकारचा इन्कार मान्य करावा लागला. त्याच वर्षी हिटलरच्या आत्मचरित्राचा पहिला भाग निघाला होता. त्यात इंग्रजांच्या या प्रचारकौशल्याची मनापासून स्तुती आहे. १९२८ साली आर्थर पॉन्सन्बी यांनी युद्धातील असत्यांवर पुस्तकच लिहिले. सुशिक्षित इंग्रजाची एक पिढी या धड्यावर वाढली: परदेशातल्या क्रौर्याची बातमी आली की आधी हसावे.

ही पिढी दुसऱ्या महायुद्धात अधिकाराच्या खुर्च्यांवर बसली होती. २५ जून १९४२ रोजी 'डेली टेलिग्राफ'ने पोलंडमध्ये सात लाख ज्यू मारले गेल्याची आणि त्यासाठी विषारी वायू वापरला जात असल्याची बातमी दिली. ती पाचव्या पानावर. त्याच वर्षी १७ डिसेंबरला अँथनी ईडन यांनी पार्लमेंटात ज्यूंच्या संहाराचे निवेदन वाचले, तेव्हा सभासद स्तब्ध उभे राहिले. पण त्या निवेदनातही वायूचा उल्लेख नव्हता. सर्व दोष १९१७ च्या थापेवर टाकणे न्यायाचे होणार नाही. ज्यूंविषयीची अनास्थाही होती: प्रचारात भयंकर गोष्टी जपून वापराव्या आणि त्या ज्यूंच्या नसाव्या, असे ब्रिटिश माहितीखात्याने जुलै १९४१ मध्येच लिहून ठेवले होते. पण जुन्या थापेचा ठसा एका कागदावर मात्र स्पष्ट उमटला आहे.

१९४३ च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधील जर्मन अत्याचारांविषयी लंडन आणि वॉशिंग्टन येथून संयुक्त निवेदन निघावयाचे होते. मसुद्यात वायूच्या कोठड्यांत माणसे मारली जात असल्याचे वाक्य होते. गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष व्हिक्टर कॅव्हेंडिश-बेंटिंक, म्हणजे सतीबंदीमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या बेंटिंकच्याच घराण्यातले, यांनी त्यावर टिपण लिहिले. जर्मन ज्यूंना संपवीत आहेत हे त्यांना मान्य होते. पण कोठड्यांना पुरावा नाही, आणि या गोष्टी वाचून गेल्या युद्धातील प्रेतांच्या चरबीच्या त्या विद्रूप थापेची आठवण होते, असे त्यांचे म्हणणे. ते वाक्य गाळण्यात आले. ३० ऑगस्टला निवेदन प्रसिद्ध झाले. आउश्विट्झजवळ बिर्केनाऊ येथील चारही नवी वधगृहे त्याच वर्षी मार्च ते जून या काळात एकामागून एक चालू झालेली होती.