लेखाखाली नसलेले एक नाव

हृदयविकाराला आहारातील संपृक्त स्निग्ध पदार्थ अधिक जबाबदार, की साखर? १९६०च्या दशकात हा वाद ऐन रंगात होता. अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज स्निग्ध पदार्थांना दोषी ठरवीत होते, तर लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन साखरेकडे बोट दाखवीत होते.

अशा वेळी, १९६७ मध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या मान्यवर नियतकालिकात हार्वर्ड विद्यापीठातील मॅकगँडी, हेगस्टेड व स्टेअर यांचा समीक्षालेख दोन भागांत आला. त्यांचा निष्कर्ष असा, की हृदयविकार टाळण्यासाठी आहारातील कोलेस्टेरॉल कमी करावे व संपृक्त स्निग्धांऐवजी असंपृक्त स्निग्धे घ्यावीत; आहारात एवढाच बदल हवा. लेखाला आर्थिक मदत करणाऱ्या काही संस्थांचा उल्लेख होता. एक नाव मात्र नव्हते.

ते उजेडात यायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. क्रिस्टिन कर्न्स या दंतवैद्यक संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या संग्रहांतील जुना पत्रव्यवहार तपासला आणि २०१६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. साखर उद्योगाच्या ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ने या लेखासाठी ६,५०० डॉलर दिले होते. लेखाचा हेतू ठरवण्यात तिचा हात होता. तिने काही शोधनिबंध पुरवले आणि कच्चे मसुदेही पाहिले.

येथे कोणी आकडे बनवले होते, असा आरोप नाही. कर्न्स यांचा आक्षेप मोजमापाच्या पद्धतीवर आहे. साखरेविरुद्धचा पुरावा बारीक चाळणीने चाळला गेला, तर स्निग्धांविरुद्धच्या पुराव्याला तेवढी बारीक चाळणी लावली नाही.

याला दुसरी बाजूही आहे. २०१८ मध्ये जॉन्स व ओपेनहायमर या इतिहासाच्या अभ्यासकांनी ‘सायन्स’मध्ये हे कटकारस्थान मानायला हरकत घेतली. त्या काळी उद्योगांकडून पैसा घेणे सर्रास चाले, आणि स्निग्धांविषयीचे मत साखरेच्या पैशावर उभे नव्हते. आर्थिक हितसंबंध जाहीर करण्याची अट या नियतकालिकाने १९८४ मध्ये घातली.

म्हणजे केवळ पैसा उद्योगाचा म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. पण तो कोणाचा हे दडवले, तर वाचकाने कोठे अधिक बारकाईने पाहायचे, हेच त्याला कळत नाही. १९६७ च्या वाचकाला ती संधी मिळाली नाही. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ असे सांगणारी एखादी खाद्यपदार्थाची जाहिरात वर्गात आणावी आणि विद्यार्थ्यांना तीन गोष्टी शोधायला सांगाव्यात : प्रश्न कोणी ठरवला, खर्च कोणी केला, आणि कोणता पुरावा बाजूला ठेवला?