आपल्या आवाजावर कॉपीराइट असतो का? एआय व्हॉइस क्लोनिंग आणि भारतातला कायदा

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावसारख्या ठिकाणी खंजिरीवर भजन म्हणणारे आता यूट्यूबवरही ऐकायला मिळतात. कार्यक्रम झाला की कुणीतरी व्हिडिओ टाकतं, दुसरं कुणी स्टेटसला ठेवतं. आता समजा, त्या व्हिडिओतून गायकाचा आवाज उचलून कुणी एआयकडून त्याच आवाजात बियाण्यांची जाहिरात बनवली. व्हिडिओ चोरला नाही, भजनही चोरलं नाही. मग चोरलं तरी काय?

आवाजाची नक्कल होते कशी?

एआय जुन्या रेकॉर्डिंगचे तुकडे कापून जोडत नाही. आवाजाचा पोत, पट्टी, शब्द ओढायची लकब यांचं ते आकड्यांत मोजमाप करतं आणि त्यावरून नवा आवाज तयार करतं. बोलण्याची नक्कल करायला काही टूल्सना थोड्या सेकंदांचा नमुनाही पुरतो. गाण्यात बहुतेक वेळा प्रत्यक्ष गातो दुसराच कुणीतरी. चाल आणि ताल त्याचेच राहतात, वरचा आवाज तेवढा बदलतो.

कॉपीराइट इथे अडतो

1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार एका गाण्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगवेगळे हक्क असतात. शिवाय गायकाला आपल्या सादरीकरणावर 50 वर्षांचा वेगळा हक्क मिळतो. त्यासाठी प्रसिद्ध असावं लागत नाही, गावातल्या भजन गायकालाही तो आहे. पण हे सगळे हक्क झालेल्या गाण्याचे. जे गाणं तो कधी गायलाच नाही, त्यात त्याचं सादरीकरण कुठून आणणार? नुसत्या आवाजाला कॉपीराइट नाही.

म्हणून नामवंत गायकांनी दुसरा रस्ता धरला, व्यक्तिमत्त्व हक्काचा. 26 जुलै 2024 रोजी अरिजित सिंग यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की, परवानगीशिवाय कुठलाही आवाज प्रसिद्ध गायकाच्या आवाजात बदलून देणारी एआय टूल्स त्याच्या या हक्काचा भंग करतात. म्हणजे नुसतं गाणं बनवणाराच नाही, तर टूल पुरवणाराही अडकतो. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिलं. त्यांच्या आवाजाची नक्कल देणाऱ्यांत मेक इन्कॉर्पोरेटेड ही अमेरिकन कंपनीही होती. त्या वेळी आशाताई 92 वर्षांच्या होत्या.

आपल्यासारख्यांचं काय?

या दोन्ही आदेशांचा पाया प्रसिद्धी आहे. त्या नावाला आणि आवाजाला बाजारात किंमत आहे, म्हणून नुकसान दाखवता येतं. बाभुळगावच्या गायकाने असा दावा लावायचा तर पैसा आणि वेळ किती जाईल, हे सांगायला नको.

त्याला जवळचा वाटेल असा कायदा म्हणजे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. ओळख पटेल असा आवाज हा वैयक्तिक डेटाच आहे आणि संमतीशिवाय तो वापरता येत नाही. याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण मुख्य तरतुदींना 18 महिन्यांची मुदत दिली, म्हणजे मे 2027. आणि यात एक मोठी फट आहे, जी फारसं कुणी सांगत नाही. जी माहिती तुम्ही स्वतःहून सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे भजनाचा व्हिडिओ तुम्ही स्वतः टाकला की परस्पर दुसऱ्याने, यावर बरंच अवलंबून आहे.

फसवणूक झाली असेल तर मात्र थांबायचं कारण नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 ड, म्हणजे दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणूक, आजही लागू आहे. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. आधी लिंक, तारीख आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, मगच क्लिप काढायला त्या अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. क्लिप आधी उडाली तर पुरावाही जातो. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन लावा.

आणि गेलेल्या माणसाचा आवाज?

विदर्भात हा प्रश्न हमखास निघणार. तुकडोजी महाराजांचं निधन 1968 चं. त्यांच्या हयातीत छापलेल्या रचनांचा कॉपीराइट निधनानंतर 60 वर्षे, म्हणजे 2028 च्या अखेरपर्यंत चालतो. त्यानंतर शब्द सर्वांना खुले. पण त्यांच्या आवाजात एआयने नवं भजन बनवलं तर अडवायचं कुणी? सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं की, असे हक्क माणसाबरोबरच संपतात, वारसांकडे जात नाहीत.