एक नाकारलेला अर्ज आणि भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक

भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक म्हटली की साकोलीकडे एकच वाक्य ऐकू येतं, ‘इथं बाबासाहेबांना पाडलं.’ सांगणाऱ्याच्या वयाप्रमाणे त्यात खंत असते, राग असतो, कधी शरमही असते. वाक्य खरं आहे. पण १९५२ मध्ये देशभर सार्वत्रिक निवडणूक होऊन भंडाऱ्याचे दोन खासदार दिल्लीला गेले होते. मग दोनच वर्षांत दोन्ही जागा रिकाम्या कशा झाल्या, हे त्या वाक्यात येत नाही. त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी १९५४ च्या एका निकालपत्रात आहे. चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम व इतर, असं त्या खटल्याचं नाव. वकिलांना तो सरकारी करारांसाठी ठाऊक असतो, जातीच्या दाखल्यांवर वाद घालणाऱ्यांना दुसऱ्या एका कारणासाठी. आम्हा भंडारेकरांच्या मात्र तो फारसा वाचनात नाही. वास्तविक तो आमच्या जिल्ह्याच्या इतिहासाचा मोलाचा कागद आहे.

आधी त्या वेळचा नकाशा डोळ्यांपुढे आणायला हवा. भंडारा तेव्हा महाराष्ट्रात नव्हता, मध्य प्रदेशात होता, आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. गोंदिया वेगळा जिल्हा व्हायला १९९९ साल उजाडायचं होतं. जिल्ह्यात तहसिली तीनच: भंडारा, गोंदिया आणि साकोली. लाखांदूर, अर्जुनी, नवेगावबांध हा सगळा तळ्यांचा आणि धानाचा मुलूख साकोली तहसिलीत मोडायचा. लोकसभेचा मतदारसंघ एक, पण खासदार दोन. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं.

१५ नोव्हेंबर १९५१ हा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. छाननीत दोन अर्जांवर हरकती आल्या. पहिला अर्ज सर्वसाधारण जागेसाठी काँग्रेसचे चतुर्भुज जसानी यांचा, दुसरा राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांचा. जसानींवरची हरकत अशी की त्यांचा केंद्र सरकारशी मालपुरवठ्याचा करार आहे आणि असा माणूस कायद्याने उमेदवार होऊ शकत नाही. ठवऱ्यांवरची हरकत अशी की ते महानुभाव पंथात गेले आहेत, म्हणून आता ते महार राहिलेले नाहीत. निवडणूक अधिकाऱ्याने जसानींचा अर्ज ठेवला आणि ठवऱ्यांचा फेटाळला. १४ फेब्रुवारी १९५२ ला निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे निवडून आले.

यानंतर जे घडलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. निवडणुकीविरुद्ध अर्ज घेऊन गेले ते हरलेले उमेदवार नव्हते. ते साधे मतदार होते, निकालपत्रात तसं स्पष्ट म्हटलेलं आहे. प्रौढ मतदानाची देशातली ती पहिलीच वेळ. मत देऊन झालं, निकाल लागला, तरी आपलं काम संपलेलं नाही असं भंडारा जिल्ह्यातल्या काही माणसांना वाटलं आणि ती निवडणूक न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. न्यायाधिकरणाने निवडणूक रद्द ठरवली, म्हणून जसानी सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे निकाल लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी. बोस नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. हा मुलूख त्यांना परका नव्हता.

जसानींचा मुद्दा बिडीचा होता. मुळजी सिक्का आणि कंपनी या बिडीच्या पेढीत ते भागीदार होते. या पेढीच्या बिड्या फौजेच्या कँटीनमधून जवानांना विकल्या जात. साकोली तहसिलीतल्या वाचकाला बिडी म्हणजे काय ते सांगायला नको. मांडीवर सूप, भिजवून मऊ केलेलं तेंदूपान, पत्र्याच्या मापाने कातरलेला तुकडा, त्यात चिमूटभर तंबाखू, बोटांची एक गुंडाळी आणि दोऱ्याची गाठ. धान कापून झाल्यावर हाताला दुसरं काम काय, या प्रश्नाला इथल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच उत्तर होतं. त्या कट्ट्यांचा हिशेब एक दिवस सर्वोच्च न्यायालयात उघडला गेला.

जसानींच्या बाजूने दोन मोठे युक्तिवाद झाले. सरकारशी करार व्हायचा तर तो राष्ट्रपतींच्या नावाने, घटनेत सांगितलेल्या रीतीने लेखी झाला पाहिजे. हा तर नुसत्या पत्रव्यवहारावर चाललेला व्यवहार, तेव्हा याला करार म्हणताच येणार नाही, हा पहिला. बोस यांनी तो मानला नाही. सरकारचे शेकडो अधिकारी रोज बारीकसारीक व्यवहार तोंडी किंवा पत्राने करत असतात. ते सगळे करारच नव्हेत असं म्हटलं तर कारभार चालणार नाही, असं त्यांनी लिहिलं. दुसरा युक्तिवाद असा की माल पोचला, करार संपला. त्यावर न्यायालय म्हणालं, करार दोन्ही बाजूंनी पुरा होईपर्यंत जिवंत असतो. माल दिला पण पैसे यायचे आहेत, तर करार अजून आहे. बिड्या बराकीत ओढूनही झाल्या असतील, पण बिल चुकतं झालेलं नाही. तेवढ्यावर जसानी अपात्र ठरले.

हा मुद्दा इतका टोकाचा होता की पुढे संसदेने तो कायद्यातूनच काढला. १९६६ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ९ अ आलं. त्याच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की उमेदवाराने आपल्या बाजूचा करार पुरा केला असेल, तर केवळ सरकारने आपली बाजू पुरी केली नाही एवढ्यावरून करार चालू आहे असं मानलं जाणार नाही. आजही कुठल्या कंत्राटदाराला निवडणूक लढवायची असेल तर त्याचा वकील त्याला हे वाचून दाखवतो.

ठवऱ्यांचा प्रश्न याहून खोल होता. चक्रधरस्वामींचा महानुभाव पंथ जातिभेद मानत नाही. मग त्या पंथाचा उपदेश घेतलेल्या माणसाची जात जाते का? निकालपत्रात या ठिकाणी जी साक्ष येते ती आमच्या गावांची आहे. महारवाड्यात काही घरं पंथाची, काही नाहीत. गावच्या कोतवालाची साक्ष आहे, देवळातल्या पुजाऱ्याची आहे. पंथ घेतलेल्या आणि न घेतलेल्या घरांत सोयरिकी होतात, असं हे लोक शपथेवर सांगतात. खुद्द ठवऱ्यांची दोन लग्नं पंथात नसलेल्या महार मुलींशी झालेली होती. न्यायालयाने यातून तीन गोष्टी तपासायच्या ठरवल्या: जुना समाज त्या माणसाकडे कसा पाहतो, त्या माणसाचा स्वतःचा हेतू काय, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. तिन्ही तपासून न्यायालय म्हणालं, ठवरे महारच आहेत, त्यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेला. आणि कायदा असा होता की एक जरी अर्ज चुकीने फेटाळला गेला तर सबंध निवडणूक रद्द. कारण तो माणूस उभा असता तर लोकांनी मतं कुणाला दिली असती, हे कुणीच सांगू शकत नाही. जसानींबरोबर तुलाराम साखऱ्यांचंही पद गेलं, त्यांच्या अर्जावर बोट ठेवायला जागा नसताना.

तेव्हा १९५४ ची पोटनिवडणूक बाबासाहेबांसाठी कुणी घडवून आणलेली नव्हती. एका महार उमेदवाराला ‘तू महार नाहीस’ म्हणून बाहेर काढलं गेलं, काही मतदारांनी ते मान्य केलं नाही, त्यातून ती आली. बाबासाहेब त्या उघड्या दारातून आत आले.

१९५२ मध्ये उत्तर मुंबईत काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांना १४,५६१ मतांनी हरवलं होतं. तिथेही मतदारसंघ दोन खासदारांचा होता. मतं कुजवली गेली अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि समाजवादी नेते अशोक मेहता या दोघांनी मिळून निवडणूक अर्ज केला. ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्याचं त्यात म्हटलं होतं. १९५४ मध्ये हेच दोघं भंडाऱ्यात आले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे मेहता, राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बाबासाहेब. समोर काँग्रेसचे पूनमचंद रांका आणि भाऊराव बोरकर. बाबासाहेब तेव्हा राज्यसभेत होते, पण लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात जायचा त्यांचा निर्धार होता. तब्येत साथ देत नसतानाही त्यांनी उन्हाळ्यात दौरा केला आणि सभांमधून नेहरूंच्या धोरणांवर कडक टीका केली.

मत ‘कुजवणं’ म्हणजे काय, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतदाराच्या हातात एक रुपयाच्या नोटेएवढ्या दोन मतपत्रिका. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच मोजायची, दुसरी बाद. म्हणजे ज्याला आपल्या उमेदवारापलीकडे दुसऱ्या कुणालाच मदत करायची नाही, त्याने दुसरी पत्रिकाही त्याच पेटीत टाकून मारून टाकायची.

विदर्भात सभांना गेलेल्या माणसांच्या आठवणींतून एक प्रसंग सांगितला जातो. दुसरं मत कुजवायला सांगा, म्हणजे तुमची जागा पक्की, असं कार्यकर्ते बाबासाहेबांना म्हणाले. ते नाही म्हणाले. ज्याने घटना लिहिली त्याने मत वाया घालवायला सांगायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. ही तोंडी परंपरा आहे आणि तशीच ती वाचावी. पण मला ती विश्वसनीय वाटते. मुंबईत मतं कुजवली म्हणून ज्याने कागदोपत्री दाद मागितली होती, तोच माणूस दोन वर्षांनी भंडाऱ्यात तेच करायला सांगेल, हे त्या कागदाशी जुळत नाही. आणि निकालही परंपरेच्या बाजूने बोलतो. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब बोरकरांकडून ८,३८१ मतांनी हरले. फेडरेशनच्या मतदारांनी मेहतांना साथ दिली आणि मेहतांच्या मतदारांतल्या पुष्कळांनी बाबासाहेबांच्या पेटीकडे पाठ फिरवली, हाच याचा सरळ अर्थ दिसतो.

बोरकरांचं पुढे काय झालं हे फार थोड्यांना माहीत असतं. पहिल्या लोकसभेच्या सदस्यांच्या यादीत भंडारा राखीव जागेपुढे अनुसयाबाई भाऊराव बोरकर हेही नाव आहे. पतीच्या निधनानंतर १९५५ च्या पोटनिवडणुकीत त्या निवडून आल्या. एका लोकसभेच्या काळात एकाच राखीव जागेवर साखरे, बोरकर आणि अनुसयाबाई असे तीन खासदार झाले.

पुढची यादी भराभर सांगता येते. १९५७ मध्ये रामचंद्र मार्तंड हजरनवीस आणि बाळकृष्ण वासनिक, दोघेही काँग्रेसचे. त्याच वर्षी आंध्रातल्या पार्वतीपुरमला व्ही. व्ही. गिरी दोन खासदारांच्या जागेवर हरले, दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांना गेल्या, आणि त्या वादानंतर १९६१ साली ही दुहेरी जागांची पद्धत कायद्यानेच मोडीत काढली गेली. १९६२ मध्ये हजरनवीस भंडाऱ्यातून आणि वासनिक नव्या राखीव गोंदिया मतदारसंघातून गेले. १९६७ मध्ये अशोक मेहता पुन्हा भंडाऱ्याचे खासदार झाले, या वेळी काँग्रेसचे. पुढच्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियावरच्या सोव्हिएत आक्रमणाबाबत सरकारने घेतलेली भूमिका न पटल्याने त्यांनी केंद्रातलं मंत्रिपद सोडलं. नंतर १९७७ मध्ये लक्ष्मणराव मानकर, मग केशवराव पारधी, खुशाल बोपचे, प्रफुल्ल पटेल, चुन्नीलाल ठाकूर, शिशुपाल पटले. २०१४ मध्ये साकोलीचे आमदार नाना पटोले लोकसभेवर गेले आणि २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा भंडाऱ्याला पुन्हा पोटनिवडणूक आली. २०१८ च्या मे महिन्यात मधुकर कुकडे निवडून आले. २०२४ च्या विधानसभेला त्याच साकोलीत पटोले अवघ्या २०८ मतांनी जिंकले. एकेका मताचं मोल साकोलीला कुणी वेगळं सांगायला नको.

पण मी पुन्हा ठवऱ्यांच्या अर्जाकडे येतो. १९५४ मध्ये न्यायालय म्हणालं, पंथ घेतल्याने जात जात नाही आणि जातीबरोबर मिळालेला हक्कही जात नाही. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. अनुसूचित जातींच्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांना जागा नव्हती. ठवऱ्यांना जो हक्क न्यायालयाने परत दिला, तो केंद्राच्या यादीपुरता या माणसांच्या हातून गेला. महारवाडा तोच होता, सोयरिका त्याच होत्या, गावाची वागणूकही तीच होती. बोस यांनी लावलेल्या तीन कसोट्यांतली पहिली कसोटी, जुना समाज त्या माणसाकडे कसा पाहतो ही, लावली असती तर उत्तर काय आलं असतं हे साकोली तहसिलीतल्या कुठल्याही गावात कळलं असतं. त्या आदेशात बौद्धांना जागा मिळायला १९९० साल उजाडलं. तो अन्याय होता आणि तो चौतीस वर्षं चालला.

सर्वोच्च न्यायालयाचं निकालपत्र छापील आहे, ते कुठे जाणार नाही. पण १९५४ च्या सभांची पत्रकं, मतदार याद्या, फेडरेशनच्या वर्गणीच्या पावत्या, एखाद्या आजोबांची वही, असं काही साकोली, लाखांदूर, अर्जुनी भागात कुणाच्या पेटीत असेल, तर ते रद्दीत घालू नका. कोरड्या जागी ठेवा, त्याचे फोटो काढून ठेवा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्या दोन मतपत्रिकांबद्दल आजच विचारा.