मुखपट्टी, दमा आणि कापसाची धूळ : वऱ्हाडातील जिन-कामगाराच्या श्वासाचा प्रश्न

अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते तेथील प्राचीन देवालयामुळे व शके १०९८ च्या शिलालेखामुळे. तथापि या परिसराच्या अलीकडील जीवनावर अधिक खोल छाप पडली आहे ती कापसाची. अकोल्यापासून सुमारे २० किलोमीटरवरील या तालुक्याच्या गावाच्या पंचक्रोशीतील कापूस अकोल्याच्या बाजारपेठेत जात आला आणि कापसामागोमाग हंगामी मजूरही जिनांच्या दारी जात आला. सन २०२० च्या करोना महामारीत वऱ्हाडातील या मजूरवर्गापुढे एक प्रश्न उभा राहिला. मुखपट्टी बांधणे शासनाने सक्तीचे केले होते. परंतु ज्याला दमा आहे आणि ज्याचा श्वास रुईच्या धुळीत आधीच कोंडतो, त्याने ती बांधावी काय?

हा प्रश्न त्या काळी केवळ वैद्यकाचा मानला गेला आणि वैद्यकाने त्याचे उत्तरही दिले. परंतु त्या उत्तराच्या मर्यादा कळण्यासाठी दोन स्वतंत्र इतिहास एकत्र वाचावे लागतात : एक कापसाच्या कारखान्यातील धुळीचा व दुसरा साथीतील मुखपट्टीचा. प्रस्तुत निबंधात ते क्रमाने मांडून, दमेकरी कामगाराच्या बाबतीत ते कोठे एकमेकांस मिळतात हे पाहण्याचे योजिले आहे.

१

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरापर्यंत पोहोचला. लोहमार्गामागून वाफेवर चालणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस आले. त्यापूर्वी सरकी वेगळी करण्याचे काम घरोघरी हातचरखीवर होत असे. धूळ तेव्हाही होती. पण ती अंगणात उडे आणि वाऱ्याबरोबर निघून जाई. कारखान्याने ते काम एका छपराखाली आणले आणि त्याबरोबर त्याची धूळही एका छपराखाली कोंडली गेली.

या कारखान्यांकडे कायद्याचे लक्ष फार उशिरा गेले. १८८१ व १८९१ च्या कारखाना कायद्यांच्या कक्षेतून वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळलेले होते. अर्थात अनेक जिनांना मोकळीक मिळाली. १९११ च्या कायद्याने ही पळवाट बंद केली. १९३४ च्या कायद्याने हंगामी व बारमाही असा भेद पुन्हा केला व बारमाही कारखान्यात आठवड्याचे ५४ तास, तर हंगामी कारखान्यात ६० तास अशी मर्यादा घातली. हंगाम थोडक्या महिन्यांचा आहे, म्हणून त्यातील काम अधिक वेळ चालले तरी चालेल, अशी ही विचारसरणी होती. १९४८ च्या कायद्याने हा भेद काढून टाकला.

१९४८ च्या या कायद्यातील दोन कलमे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलकी आहेत. चौदाव्या कलमाने धूळ जेथे उत्पन्न होते त्याच्या शक्य तितक्या जवळ ती ओढून घेणारी यंत्रणा बसविण्याचे बंधन घातले. सत्ताविसाव्या कलमाने कापसाच्या प्रेसमध्ये कापूस मोकळा करण्याचे यंत्र चालू असलेल्या भागात स्त्रिया व मुले यांना कामास ठेवण्याची मनाई केली. मात्र यंत्राची कापूस घालण्याची बाजू भिंतीने अलग केलेली असल्यास त्या बाजूस सवलत ठेवली. पहिल्या कलमात हवा सुधारण्याचा विचार आहे, दुसऱ्यात माणसास हवेपासून दूर करण्याचा. एकाच कायद्यात शेजारी शेजारी असलेल्या या दोन दृष्टींतील तणाव पुढील साऱ्या चर्चेत पुनःपुन्हा आढळतो.

२

कापसाच्या धुळीने छाती भरते हे कामगारांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक होते. इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या धंदेवाईक रोगांवरील ग्रंथात अंबाडीसारख्या तंतुमय वनस्पती हाताळणाऱ्यांच्या खोकल्याची व धापेची नोंद केली. १८७७ मध्ये फ्रेंच वैद्य आद्रियँ प्रुस्त याने या विकारास 'बिसिनोसिस' हे नाव दिले. विसाव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरणी-कामगारांची पद्धतशीर तपासणी करून त्याच्या पायऱ्या निश्चित केल्या.

या विकाराचे वैशिष्ट्य असे की, छाती आवळल्याची भावना आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी तीव्र असते व पुढील दिवसांत कमी होते. दुखणे जुनाट झाल्यावर ती रोजची होते. धुळीत केवळ रुईचे तंतू नसतात. बोंडाभोवतीच्या वाळक्या पानांचा चुरा, माती आणि जंतूंच्या कवचातील विषारी द्रव्येही असतात. दमा हा याहून भिन्न रोग आहे. तथापि ज्याला आधीच दमा आहे त्याच्या श्वासनलिका अशा धुळीत अधिक सहज आकुंचन पावतात. गिरणीतील पिंजण खात्याच्या मानाने जिनमध्ये बिसिनोसिसचे प्रमाण कमी आढळते. परंतु त्याचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. हंगामी मजूर काही महिने धुळीत असतो व काही महिने शेतात. ज्याला धूळ सोसवत नाही तो पुढल्या हंगामात परत येतच नाही. जो परत येतो तो स्वभावतः अधिक सोशिक असतो. कारखान्यात उभ्या असलेल्यांचीच मोजणी केली तर सोडून गेलेल्यांचा दमा मोजला जात नाही.

३

मुखपट्टीचा इतिहास याच सुमारास निराळ्या मार्गाने चालला होता. १८९७ मध्ये ब्रेस्लाव येथील शल्यविशारद मिकुलिच याने शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीदार वस्त्राची पट्टी बांधण्यास आरंभ केला. तिचा हेतू रुग्णाचे वैद्यापासून रक्षण करणे हा होता. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली तेव्हा डॉ. वू लिएन-तेह यांनी जाळीदार कापड व कापूस यांची पट्टी वैद्य, सेवक व सामान्य लोक यांना बांधावयास लावली. आता तिचा हेतू बांधणाऱ्याचे साथीपासून रक्षण करणे हा झाला. हा उपाय न मानणारे फ्रेंच वैद्य मेस्नी हे जानेवारी १९११ मध्ये त्याच रोगाने मरण पावले, आणि त्या घटनेने पट्टीचे महत्त्व अनेकांना पटले.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाची साथ महाराष्ट्रात 'मानमोडी' या नावाने स्मरणात राहिली. जून १९१८ मध्ये ती मुंबईत दिसली. दुसरी व भीषण लाट सप्टेंबरपासून पसरली. मध्यप्रांत व वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वाधिक मृत्यूप्रमाण असलेल्या प्रांतांपैकी एक होता. हिंदुस्थानातील एकूण मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. त्या वर्षी पाऊसही फसला होता. वऱ्हाडात साथीचा जोर कापूस वेचणीच्या हंगामाशी येऊन भिडला, आणि हिंदुस्थानात स्त्रियांचे मृत्यूप्रमाण पुरुषांहून अधिक होते. वेचणी हे मुख्यतः स्त्रियांचे काम आहे हे ध्यानात घेतल्यास या आपत्तीचा शेतमजूर कुटुंबावर काय आघात झाला असेल याची कल्पना येते.

त्याच साथीत अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने ऑक्टोबर १९१८ मध्ये मुखपट्टी सक्तीची केली. पुढे १९२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाचे केलॉग व त्यांचे सहकारी मॅकमिलन यांनी प्रयोग करून असे दाखविले की, जाळीदार कापडाच्या पट्टीने थुंकीचे कण काही अंशी अडतात. परंतु ते पुरेसे अडावेत म्हणून पदर वाढविले तर श्वास घेणे कठीण होते आणि हवा कडेने आत-बाहेर जाऊ लागते. प्रस्तुत प्रश्नाचे मर्म या निष्कर्षात सापडते. पट्टी जितकी दाट तितकी छातीवर मेहनत अधिक. आणि ज्याची छाती आधीच दुबळी आहे तो पट्टी सैल करणार किंवा नाकाखाली ओढणार हे उघड आहे.

४

धुळीसाठी मुखपट्टी बांधणाऱ्या कामगारास ती सोसली नाही तर काय करावे, याचा कायदेशीर विचार पुढे अमेरिकेत झाला. तेथील कामगार-सुरक्षा प्रशासनाने १९७८ मध्ये कापसाच्या धुळीविषयी नियम केले. त्यांचे मुख्य तत्त्व असे की, धूळ प्रथम यंत्राच्या व हवेच्या व्यवस्थेने कमी करावी आणि श्वसनरक्षक हा त्यामागचा उपाय असावा. ज्या कामगारास श्वसनरक्षक वापरता येत नाही असे वैद्य ठरवील त्याला कमी धुळीच्या उपलब्ध जागी बदलीची संधी द्यावी व त्याचे वेतन कमी करू नये, अशीही तरतूद होती. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धुळीची मर्यादा उचलून धरली. मात्र वेतनाच्या हमीचा आरोग्याशी असलेला संबंध प्रशासनाने पुरेसा दाखविला नाही, असे म्हटले. पुढील सुधारित नियमांत ती हमी कायम राहिली. तिचे समर्थन सोपे आहे. 'श्वास लागतो' असे म्हटल्यास मजुरी जाणार असेल तर कोणताही मजूर तसे म्हणणार नाही.

परंतु या नियमांतून जिन वगळलेले आहेत. जिनांसाठी केलेला स्वतंत्र नियम तेथील अपील न्यायालयाने १९८० मध्ये रद्द केला. कारण गिरणी-कामगारांवरील संशोधन हंगामी जिन-कामगारांस जसेच्या तसे लागू पडते हे सिद्ध झाले नाही, असा युक्तिवाद मान्य झाला. वऱ्हाडच्या वाचकास हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. १८८१ चा आपल्याकडील कायदा आणि १९८० चा तेथील निवाडा यांत शंभर वर्षांचे अंतर आहे. पण हंगामीपणाचे कारण दोन्हींकडे कामगाराच्या विरुद्ध गेले.

५

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला व २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. १५ एप्रिल २०२० च्या केंद्रीय आदेशाने सार्वजनिक स्थळी व कामाच्या ठिकाणी मुखाच्छादन सक्तीचे झाले. कापसाची खरेदी लांबली आणि हंगामाचे काम वऱ्हाडच्या कडक उन्हाळ्यात येऊन पडले. दुसऱ्या लाटेची चाहूल फेब्रुवारी २०२१ मध्ये लागली ती प्रामुख्याने अमरावती-अकोला भागात. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी करावी लागली. म्हणजे ऐन हंगामात साथ वऱ्हाडात होती.

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० च्या मार्गदर्शनात मुखपट्टीचा पुरस्कार करतानाच, दमा व अन्य श्वसनरोग असलेल्यांना आणि उष्ण-दमट हवेत राहणाऱ्यांना तिची अडचण होऊ शकते, हे नमूद केले. पुढील अनुभवाने दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, दमा नीट आटोक्यात असेल तर केवळ त्यामुळे करोनाचा धोका विशेष वाढत नाही. म्हणून दम्याची औषधे साथीच्या काळात बंद करू नयेत. दुसरी, मुखपट्टीने दमेकऱ्याच्या रक्तातील प्राणवायू कमी होतो ही भीती निराधार ठरली; मिशिगन विद्यापीठाच्या दवाखान्यात झालेल्या पाहणीत दमा असलेल्या व नसलेल्या दोघांतही तसा फरक आढळला नाही. मात्र ही पाहणी दवाखान्यात आलेल्या रुग्णांची होती. उन्हाळ्यात रुईचे ढीग उचलणाऱ्या मजुराचा श्वास तिच्यात मोजलेला नव्हता.

याच वेळी आणखी एक विसंगती दिसून आली. धुळीच्या कामासाठी बनविलेल्या काही मुखपट्ट्यांस उच्छ्वासासाठी झडप असते. तिने श्वास सोडणे सुलभ होते. जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने अशा पट्ट्या सर्वसामान्यांनी वापरू नयेत असे कळविले. कारण झडपेतून विषाणू बाहेर पडतो व इतरांचे रक्षण होत नाही. दमेकरी जिन-कामगारास सोईची असलेली पट्टी अशा रीतीने साथीत निषिद्ध ठरली. बांधणाऱ्याचे रक्षण व शेजाऱ्याचे रक्षण हे मुखपट्टीचे दोन हेतू मिकुलिच व वू लिएन-तेह यांच्या काळापासून वेगळे होते; ते येथे प्रत्यक्ष एकमेकांच्या आड आले.

६

वरील विवेचनावरून मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. साथीत दमेकरी कामगाराने मुखपट्टी बांधावी. सौम्य व आटोक्यातील दमा हे ती टाळण्याचे कारण ठरत नाही, आणि जिनमध्ये तर ती धुळीपासूनही काही अंशी आडोसा देते. परंतु काम करीत असता ज्याला ती खरोखर सोसत नाही, त्याच्यापुढे पट्टी काढणे किंवा काम सोडणे असे दोनच मार्ग ठेवणे न्याय्य नाही. तिसरा मार्ग कायद्याला ठाऊक होता : धूळ उगमापाशी ओढून घ्यावी, दारे-खिडक्या मोकळ्या ठेवाव्यात, विश्रांतीच्या वेळा वाढवाव्यात, आणि त्या मजुरास मजुरी न तोडता कमी धुळीच्या, मोकळ्या हवेतील कामावर ठेवावे. हवा खेळती ठेवण्याचा उपाय धुळीवर जितका लागू पडतो तितकाच साथीवरही पडतो, हे करोनाकाळाने नव्याने शिकविले.

मुखपट्टी स्वस्त असते व ती कामगाराच्या तोंडावर बांधता येते. म्हणून संकट येताच प्रथम तिचीच आठवण होते. धूळ ओढणारी यंत्रणा महाग असते व ती मालकाच्या छपरावर बसवावी लागते. बार्शीटाकळीसारख्या गावातून अकोल्याच्या वाटेने कामास निघणाऱ्या दमेकरी मजुराला पट्टी बांधण्यास सांगणे योग्य आहे. पण ते सांगण्याचा अधिकार, त्याच्या वाट्याला येणाऱ्या हवेची जबाबदारी घेणाऱ्यालाच प्राप्त होतो. हंगामीपणाच्या सबबीवर ही जबाबदारी शतकाहून अधिक काळ पुढे ढकलली गेली आहे. पुढची साथ येण्यापूर्वी जिन सोडून गेलेल्या मजुरांच्या आरोग्याची पद्धतशीर नोंद विदर्भातील अभ्यासकांनी हाती घेतल्यास, या प्रश्नाच्या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव भरून निघेल.