डेस्मंड टुटू : वर्णद्वेषाविरुद्ध आणि समलिंगींच्या बाजूने

दक्षिण आफ्रिकेचे अँग्लिकन आर्चबिशप डेस्मंड टुटू (१९३१–२०२१) यांना आपण वर्णद्वेषविरोधी लढ्यामुळे, १९८४ च्या नोबेल शांतता पुरस्कारामुळे ओळखतो. समलिंगींसाठीचे त्यांचे काम मात्र बहुधा गाळले जाते. कातडीचा रंग माणूस निवडत नाही, लैंगिकताही नाही. म्हणून दोन्ही भेदभाव त्यांना सारखेच अन्यायाचे वाटत. जन्मावरून नाकारले जाणे म्हणजे काय, हे आम्हाला वेगळे सांगायला नको. १९९६ च्या संविधानात लैंगिक कलावरून भेदभावाला बंदी आली. टुटूंनी तिला जाहीर पाठिंबा दिला होता. समलिंगींचा द्वेष करणाऱ्या देवाला आपण भजणार नाही, असे ते २०१३ साली केपटाऊनमध्ये म्हणाले. कायदा बदलला, चर्च बदलले नाही. त्यांची धर्मगुरू कन्या म्पो यांनी स्त्रीशी विवाह केला, तेव्हा २०१६ मध्ये त्यांना तिथला धर्मगुरूपदाचा परवाना परत करावा लागला.