नऊशे नव्व्याण्णव वर्षांची घाई

भाईंदर, मिरे आणि घोडबंदर या तीन गावांचा पट्टा ब्रिटिश सरकारने १८७० साली रामचंद्र लक्ष्मणजी यांना करून दिला, तो ९९९ वर्षांच्या मुदतीने. कागदावरची ही मुदत २८६९ साली संपते. मोबदल्यात रामचंद्र लक्ष्मणजींनी करायचे होते ते असे : खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे आणि ते राखायचे. त्याबद्दल कसणाऱ्यांकडून पिकाचा तिसरा हिस्सा घेण्याचा हक्क त्यांना मिळाला.

‘उद्योगांना चालना’, ‘गुंतवणूकस्नेही धोरण’, ‘एक खिडकी’ हे शब्द आपण अलीकडे रोज ऐकतो. सरकारकडे पैसा नाही किंवा खर्च करायची इच्छा नाही. मग खासगी भांडवल बोलवायचे आणि त्याची वाट कायद्याने मोकळी करून द्यायची, ही युक्ती मात्र आपल्या तालुक्याला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे.

१८७० हे साल कोठून आले ते आधी पाहू. बॉम्बे बरोडा रेल्वे वसईची खाडी ओलांडून १८६४ च्या नोव्हेंबरात मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आली. तोवर भाईंदरहून माल न्यायचा तर होडी किंवा बैलगाडी. रूळ पडले आणि खाडीकाठच्या चिखलालाही भाव येण्याची शक्यता निर्माण झाली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा पैसा मुंबईत धो धो आला, समुद्र बुजवण्यासाठी कंपन्या निघाल्या, बॅक बेच्या शेअरसाठी लोक वेडे झाले आणि १८६५ मध्ये सारा फुगा फुटला. समुद्र बुजवण्याच्या मोठ्या स्वप्नांपेक्षा साष्टीच्या खाजणाला बांध घालणे हा पुष्कळच शहाणा व्यवहार होता, असे मला वाटते.

शिवाय असे गावेच्या गावे देणे साष्टीत नवे नव्हते. जमीन लागवडीला यावी म्हणून कंपनी सरकारने इथली गावे कौलाने धनिकांना दिलेली होती. फ्रामजी कावसजींकडे १८२९ मध्ये पवईची इस्टेट आली, ती याच रीतीतली.

बांधाचे मोल आज इमारतीत राहणाऱ्याला समजणे अवघड आहे. खाजणातली भातशेती म्हणजे रोजची लढाई. भरतीचे पाणी बाहेर अडवायचे, पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर सोडायचे, खेकड्यांनी पोखरलेली भोके चिखलाने बुजवायची. एकदा बांध फुटून उधाणाचे पाणी आत आले, की माती गोडी व्हायला काही पावसाळे जावे लागतात. अलिबाग-पेणकडे शिलोत्री पद्धतीत बाहेरच्या बांधाची दुरुस्ती शिलोत्रदाराने करायची आणि त्यासाठी धान्याचा ठरावीक वाटा घ्यायचा, असा रिवाज होता. वाटा कशाचा, तर राखणीचा. भाईंदरच्या पट्ट्यातला तिसरा हिस्सा मी याच नजरेने वाचतो : बांध आहे म्हणून हिस्सा आहे.

माझा यात शिरकाव झाला तो इमारतीच्या कागदांमुळे. मी पेशाने इतिहासकार नाही. आमच्या सोसायटीच्या अभिहस्तांतरणासाठी सातबारा आणि फेरफार गोळा करताना इतर हक्कांच्या रकान्यात एक नाव दिसले आणि ‘हे कोण?’ असे विचारत मी मागे मागे गेलो. कचेरीतल्या एका अनुभवी कारकुनाने मला सांगितले, ‘साहेब, हे तुमच्या आमच्या आजोबांच्याही आधीचं आहे, सोडून द्या.’ मी सोडले नाही, एवढेच.

पुढची हकीकत मिरा-भाईंदरच्या जुन्या रहिवाशांना माहीत आहे. पट्टा हस्तांतरित होत विसाव्या शतकाच्या मध्यास एका इस्टेट कंपनीकडे आला. शेती गेली, चाळी आल्या, इमारती आल्या. १९८५ मध्ये नगरपालिका झाली, २००२ मध्ये महापालिका. खाजणात भराव पडला, बांध त्याखाली गेले. तरीही जमिनीच्या व्यवहाराला कंपनीचे ना-हरकत पत्र हवे का, हा प्रश्न उरला आणि महसुली कचेऱ्यांत व न्यायालयांत भांडत राहिला. काम बुजले, हक्क तरंगत राहिला. साष्टीतल्या इस्टेटींच्या महसूलमाफीला १९५१ च्या मुंबई कायद्याने पूर्णविराम दिला. १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी वापरात वा लागवडीखाली न आणलेली पडीक जमीन सरकारजमा करण्याची तरतूदही त्यात होती. ‘तुम्हाला जमीन दिली होती ती काहीतरी करण्यासाठी, केले का?’ हा प्रश्न कायद्याने गुंतवणूकदाराला विचारल्याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

रामचंद्र लक्ष्मणजींना पट्टा मिळाला त्याच १८७० साली देशात भूसंपादनाचा दहावा कायदा झाला. भरपाईवर एकमत नसेल तर प्रकरण न्यायालयाकडे जावे, असे त्यात होते. १८९४ च्या कायद्यात सतरावे कलम आले : निकड असेल तर निवाड्याची वाट न पाहता, नोटिशीनंतर पंधरा दिवसांनी, पडीक किंवा शेतीच्या जमिनीचा ताबा घेता येईल. हरकत ऐकून घेण्याचे कलम ५-अ १९२३ मध्ये घातले गेले, आणि निकडीच्या कामात ती सुनावणी वगळण्याची सोयही कायद्यात आली. ऐकण्याचा दरवाजा आणि तो टाळण्याची खिडकी, दोन्ही एकाच भिंतीत.

स्वतंत्र महाराष्ट्राने हीच भिंत वाढवली. १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याने महामंडळासाठी संपादनाची वेगळी वाट काढली. अंतिम अधिसूचना निघताच जमीन सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन सरकारकडे जाते. या वाटेने ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला, हजारो हातांना काम मिळाले, हे मी नाकारणार नाही. केंद्राच्या २०१३ च्या कायद्याने खासगी प्रकल्पाला ८० टक्के आणि भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती, शिवाय सामाजिक परिणामांचा अभ्यास अनिवार्य केला. पाच वर्षांत, २०१८ साली, महाराष्ट्राने दुरुस्ती करून औद्योगिक कॉरिडॉर, पायाभूत प्रकल्प, परवडणारी घरे वगैरेंना त्या अभ्यासातून सूट देण्याची सोय केली. २०२३ मध्ये ‘मैत्री’ कायदा आला. परवानग्यांना मुदत, एक खिडकी, उशीर झाल्यास वरच्या समितीकडे निर्णय. कायदा वाचताना मी पेन्सिलने मुदती अधोरेखित करत गेलो. बहुतेक सगळ्या अधिकाऱ्यांवर होत्या. १८७० च्या पट्ट्यात उलटे होते : सरकारने आपला हात एका सहीत मोकळा केला आणि बांधाचे ओझे घेणाऱ्यावर टाकले, पण ते काम थांबले तर काय, याचे उत्तर नीट बांधून ठेवले नाही.

नवा प्रकल्प आला की मी हाच प्रश्न घेऊन बसतो. दहिसर ते भाईंदर मेट्रोची कारशेड राई, मुर्धे, मोर्वे या गावांत येणार होती. ही गावे आगरी आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांची, खाजणाच्या कडेची. त्यांनी विरोध केला, मोर्चे निघाले, हरकती दिल्या गेल्या. कारशेड तिथून हलली आणि उत्तनजवळच्या डोंगरीकडे गेली. मग डोंगरीत झाडांचा प्रश्न उभा राहिला. मेट्रो मलाही हवी आहे. भाईंदरच्या लोकलला लोंबकळून मी तीस वर्षे काढली. म्हणूनच त्या तीन गावांनी दिलेल्या हरकतींच्या प्रती कोणाकडे आहेत, याची मी चौकशी करतो आहे. काही घरांत त्या रेशनकार्डाच्या पिशवीत सापडल्या, एका ठिकाणी देवघराच्या फळीवर. वाळवीने कडा खाल्लेल्या होत्या. मजकूर शाबूत होता.