तळटीप १७ : ‘वायएमडीडी’

१७. वायएमडीडी : हिपॅटायटिस बी विषाणूच्या पॉलिमरेज या एन्झाइममधील सलग चार अमिनो आम्लांची (टायरोसिन, मेथिओनिन आणि दोन अ‍ॅस्पार्टेट) संकेताक्षरे. लॅमिव्ह्युडीन (या आजारासाठी अमेरिकेत मान्यता १९९८) याच एन्झाइमला अडवते. डीएनएच्या घटकाचे सोंग घेऊन ते वाढत्या साखळीत शिरते आणि साखळी तिथेच थांबते. मात्र हा विषाणू आरएनएवरून डीएनए उतरवताना झालेल्या चुका तपासत नाही. त्यामुळे रोज निपजणाऱ्या अब्जावधी विषाणूंत काही वेगळे असतातच. २०४ क्रमांकाच्या मेथिओनिनच्या जागी व्हॅलिन किंवा आयसोल्यूसिन आले, की औषधाला तिथे नीट बसता येत नाही. मग मूळचे विषाणू दबतात आणि बदललेले फोफावतात. एकट्या लॅमिव्ह्युडीनवर पाच वर्षे राहिलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के रुग्णांत हा बदल आढळला. म्हणूनच नियमाने गोळ्या घेऊनही रक्तातील विषाणू आधी आणि यकृताची एन्झाइमे नंतर, अशी पुन्हा वाढू शकतात. दर वेळी दोष रुग्णाच्या हयगयीचा नसतो. औषध थांबवल्यावर मूळचा विषाणू वरचढ होतो, पण बदललेला यकृतपेशींच्या केंद्रकातील वर्तुळाकार डीएनएत टिकून राहतो. त्यामुळे पुन्हा लॅमिव्ह्युडीनकडे वळून उपयोग होत नाही. हा बदल झालेल्यांत एन्टेकॅव्हिरही (२००५) लवकर निकामी ठरू शकते. टेनोफोव्हिर (या आजारासाठी २००८) मात्र लागू पडते. —संपा.